सरकलेली खूण: सहा सिलेंडरच्या जुन्या इंजिनातील थरथर आणि क्रँक पुलीचे एक प्रकरण

तक्रार आणि आधीच्या दुरुस्त्या

१९७२ सालची, दोन स्ट्रॉम्बर्ग कार्ब्युरेटर असलेली एक ट्रायम्फ टीआर ६ ही ब्रिटिश स्पोर्ट्स कार तपासणीला आली, तेव्हा मालकाची तक्रार अगदी नेमकी होती. इंजिनाचा वेग मिनिटाला २,८०० फेऱ्यांच्या वर गेला की स्टीअरिंग आणि गिअरचा दांडा थरथरू लागत, ३,३०० च्या पुढे ही थरथर थोडी निवे आणि ४,००० ओलांडल्यावर सबंध गाडीच घुमू लागे. आयडलिंगला मात्र इंजिन समाधानकारक चाले. गेल्या काही महिन्यांत गाडीचा ओढा कमी झाला होता आणि चढावर तापमानाचा काटा नेहमीपेक्षा वर राहत होता. पण मालकाच्या लेखी ही दुसरी, वेगळी तक्रार होती. ती वेगळी नव्हती, हे पुढे दिसून येईल.

गाडीसोबत आलेल्या कागदांवरून आधी काय काय झाले होते ते कळले. एका ठिकाणी प्रोपेलर शाफ्टचे (गिअरबॉक्सपासून मागच्या एक्सलकडे जाणाऱ्या दांड्याचे) दोन्ही क्रॉस, म्हणजे सांधे, बदलून शाफ्ट बॅलन्स करून घेतला होता. नंतर इंजिनाच्या पुढच्या दोन्ही माउंटिंगचे मूळ रबर तेलाने फुगलेले आढळल्यावर त्या जागी पॉलियुरेथेनची कडक माउंटिंग बसवली होती. शेवटी पूर्ण ट्यूनिंग झाले, त्यात कार्ब्युरेटर एकमेकांशी जुळवले आणि टायमिंग लाइट (ठिणगीबरोबर लुकलुकून पुलीवरची खूण दाखवणारा दिवा) लावून इग्निशन टायमिंग, म्हणजे ठिणगी पडण्याची वेळ, पुस्तिकेतल्या आकड्यावर आणले. थरथर यांपैकी कशानेही गेली नाही. उलट माउंटिंग बदलल्यावर ती अधिक जाणवू लागली आणि ट्यूनिंगनंतर ओढा कमी झाला. काम नीट केले आणि गाडी बिघडली, असे जेव्हा कागदावर दिसते तेव्हा काम करणाऱ्याच्या हातापेक्षा त्याने ज्यावर भरवसा ठेवला त्या गोष्टीवर आधी शंका घ्यावी, असे माझे मत आहे.

थरथर कशाबरोबर फिरते

जुन्या गाडीतील कंपनाच्या निदानात पहिला प्रश्न हा की कंपन गाडीच्या वेगाशी बांधलेले आहे की इंजिनाच्या. याचे उत्तर रस्त्यावर लगेच मिळते. तोच वेग तिसऱ्या आणि चौथ्या गिअरमध्ये धरला असता थरथर गाडीच्या वेगाबरोबर न राहता इंजिनाच्या फेऱ्यांबरोबर सरकली. वेगात असताना क्लच दाबून इंजिन आयडलिंगला सोडले तर ती नाहीशी झाली. उभ्या गाडीत, न्यूट्रलमध्ये इंजिन ३,००० फेऱ्यांवर धरले असता ती पुन्हा हजर झाली. एवढ्यावरून चाके, एक्सल, डिफरेन्शियल आणि प्रोपेलर शाफ्ट यांची सुटका झाली; पहिली दुरुस्ती या प्रश्नाविनाच झाली होती, हेही उघड झाले.

दुसरी पायरी क्लचची. उभ्या गाडीत ३,००० फेऱ्यांवर क्लच पूर्ण दाबला असता कंपनात फरक पडला नाही. क्लच दाबल्यावर क्लच प्लेट आणि गिअरबॉक्सचा इनपुट शाफ्ट थांबू शकतात, पण फ्लायव्हील (इंजिनाच्या मागच्या टोकावरचे जड चाक) आणि क्लच प्लेटला दाबून धरणाऱ्या प्रेशर प्लेटचे कव्हर इंजिनाबरोबर फिरतच राहतात. म्हणून या चाचणीने प्लेट आणि गिअरबॉक्स निर्दोष ठरले, कव्हर ठरले नाही. ही मर्यादा लक्षात न घेता ‘क्लच तपासला’ असे लिहून पुढे जाणे धोक्याचे असते.

तिसरी पायरी अशी की एका फेरीत कंपन किती वेळा येते ते पाहणे. चार स्ट्रोकच्या इंजिनात एक सिलेंडर दोन फेऱ्यांत एकदा पेटतो. म्हणून एखादा सिलेंडर मिसिंग करीत, म्हणजे पेटायचा चुकत, असेल तर झटका दर दोन फेऱ्यांनी एकदा बसतो. फिरणाऱ्या भागाचे वजन एका बाजूला झुकलेले असेल तर दर फेरीला एकदा. सहा सिलेंडरच्या इंजिनाचा स्वाभाविक ठोका मात्र फेरीला तीन वेळा येतो. २,४०० फेऱ्यांवर हे तीन आकडे सेकंदाला २०, ४० आणि १२० वेळा असे पडतात. मोबाइलमधील कंपनमापक ॲपने २० आणि ४० यांत फरक करता येतो. मात्र बऱ्याच फोनमध्ये अशी ॲप सेकंदाला शंभरच्या आसपास नोंदी घेतात आणि त्या नोंदींतून पन्नासच्या वरचे कंपन खरे दिसू शकत नाही, उलट ते खालच्या एखाद्या खोट्या आकड्याच्या रूपात उमटते. म्हणून मोजणी मुद्दाम २,४०० फेऱ्यांवर केली, ३,००० वर नाही. फोन सीटच्या लोखंडी रुळाला घट्ट बांधला होता. हातात धरून किंवा गादीवर ठेवून घेतलेल्या नोंदीला अर्थ नसतो.

आलेखात ४० वर एकच ठसठशीत शिखर आले आणि २० वर जवळपास काहीच नव्हते. म्हणजे क्रँकबरोबर (पिस्टनांनी फिरणाऱ्या इंजिनाच्या मुख्य दांड्याबरोबर) दर फेरीला एकदा फिरणाऱ्या कशाचे तरी वजन केंद्रावर नव्हते.

सोप्या शक्यता मिटवणे

आलेख स्पष्ट असला तरी इंजिनाची प्राथमिक तपासणी टाळली नाही, कारण मिसिंग करणारे इंजिन काही विशिष्ट भाराखालीच चुकते आणि उभ्या गाडीत साळसूद राहते. सहाही सिलेंडरच्या कॉम्प्रेशनमध्ये सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी आकड्यांत दहा टक्क्यांहून कमी फरक निघाला. एकेका प्लगची तार काढून फेऱ्या किती उतरतात ते पाहिले असता सहाही सिलेंडर सारखेच काम करीत असल्याचे दिसले. व्हॉल्व्ह क्लिअरन्स ०.२५ मिलिमीटरच्या जवळपास होता. प्लगच्या टोकांवर मात्र काळपट थर होता आणि एक्झॉस्ट मॅनिफोल्ड थोड्या वेळातच अपेक्षेपेक्षा जास्त तापत होता. उशिरा पेटणाऱ्या इंजिनाची ही ओळखीची लक्षणे आहेत, पण टायमिंग लाइट सर्व ठीक असल्याचे सांगत होता. ही विसंगती नोंदवून ठेवली.

मग बेल्ट उतरवून इंजिन थोडा वेळ चालवले. बेल्टाशिवाय पाण्याचा पंप थांबतो, म्हणून ही चाचणी थंड इंजिनावर आणि मिनिटभरापेक्षा जास्त न लांबवता करायची असते. अल्टरनेटर आणि पंप या दोन्हींचे काम थांबूनही थरथर तशीच राहिली. या इंजिनाचा पंखा बेल्टावर नसतो. तो क्रँकच्या पुढच्या टोकावर, पुलीच्या पुढे आलेल्या एक्स्टेंशनवर बसवलेला असतो. म्हणून बेल्ट काढल्याने पंखा निर्दोष ठरत नाही. पंखा वेगळा काढून तीच चाचणी केली. थरथर किंचित कमी झाली, इतकी किंचित की ती ऐकणाऱ्याच्या आशेमुळे कमी वाटली असेल असे म्हणावे. आलेखात मात्र ४० वरचे शिखर थोडेसेच खाली आले होते. पंखा दोषी नव्हता, पण तो काढल्याने पुली उघडी पडली.

क्रँकचा पुढे-मागे होणारा प्ले

पुलीला हात घालण्याआधी या इंजिनात एक गोष्ट हमखास पाहावी लागते. ट्रायम्फच्या या सहा सिलेंडर इंजिनात क्रँकचा पुढे-मागे होणारा प्ले, म्हणजे मोकळी हालचाल, मागच्या मेन बेअरिंगजवळच्या (क्रँकला आधार देणाऱ्या बेअरिंगजवळच्या) थ्रस्ट वॉशरवर अवलंबून असतो. हे वॉशर झिजले की क्लच दाबताना क्रँक पुढे ढकलला जातो आणि झीज फार वाढली तर वॉशर जागा सोडून तेलाच्या कढईत पडू शकतात. मग जे नुकसान होते ते बहुधा ब्लॉकपर्यंत पोचते. पुलीच्या तोंडाशी डायल गेज (बारीक हालचाल काट्यावर दाखवणारे मापक) लावून एका माणसाने क्लच दाबायचा आणि दुसऱ्याने काटा वाचायचा, ही चाचणी सोपी आहे. कारखान्याच्या मापाप्रमाणे हा प्ले ०.१५ ते ०.२० मिलिमीटर असावा लागतो. येथे तो ०.१८ निघाला.

मात्र ही मोजणी करताना एक गोष्ट डोळ्यांत भरली. डायल गेजचे टोक आधी घाईत पुलीच्या बाहेरच्या कड्यावर टेकवले गेले होते आणि तेथे क्लच दाबण्याआधीच, कडे नुसते बोटाने दाबले तरी काटा हलत होता. टोक आतल्या हबवर, म्हणजे पुलीच्या मधल्या भागावर, टेकवल्यावर तो स्थिर झाला आणि वरचा आकडा मिळाला. जे कडे हबला रबराने घट्ट जोडलेले असायला हवे ते हबपासून स्वतंत्रपणे डुलत होते.

पुली म्हणजे दोन वस्तू

येथे थोडे थांबून पुलीची रचना सांगणे आवश्यक आहे, कारण बाहेरून ती एकसंध लोखंडी चाकासारखी दिसते आणि गैरसमज तेथूनच सुरू होतो. आत क्रँकच्या नाकावर, म्हणजे पुढच्या टोकावर, वुड्रफ कीने (अर्धचंद्राकृती पाचरेने) बसलेला हब असतो, बाहेर बेल्टची खाच असलेले जड कडे असते आणि दोहोंच्या मधे रबराचा पट्टा असतो. कडे, रबर आणि हब मिळून डॅम्पर, म्हणजे कंपन शोषणारा भाग, बनतो.

सहा सिलेंडरच्या सरळ रांगेतील इंजिनात पिस्टनांच्या वर-खाली होण्याने निर्माण होणारे प्राथमिक आणि दुय्यम बल एकमेकांना खोडतात. चार सिलेंडरच्या इंजिनात दुय्यम बल शिल्लक उरते आणि फेरीला दोन वेळा जाणवते. म्हणून सहा सिलेंडर मऊ चालतात ही ख्याती खरी आहे. पण या मऊपणाची किंमत क्रँक मोजतो. क्रँक लांब असतो, त्याच्या एका टोकाला जड फ्लायव्हील आणि दुसरे टोक मोकळे असते, आणि प्रत्येक स्फोटाबरोबर तो ओल्या कापडासारखा किंचित पिळला जाऊन पुन्हा सुटतो. या पिळाच्या कंपनाची स्वतःची एक नैसर्गिक गती असते आणि इंजिनाचे ठोके त्या गतीशी जुळले की पीळ वाढत जातो. उदाहरणादाखल ही गती सेकंदाला २२५ वेळा धरली, तर फेरीला तीन वेळा येणारा ठोका तिला ४,५०० फेऱ्यांवर, आणि स्फोटांच्या झटक्यांत मिसळलेल्या अधिक जलद लयींपैकी फेरीला साडेचार वेळा येणारी ३,००० वर, तर सहा वेळा येणारी २,२५० वर गाठते. एकाच इंजिनात दोन-तीन वेगवेगळ्या वेगांवर खरखर का जाणवते, याचे कारण येथे आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सहा सिलेंडरच्या गाड्यांचे क्रँक तुटू लागले तेव्हा हेच कोडे रोल्स-रॉइसचे हेन्री रॉइस आणि फ्रेडरिक लँचेस्टर यांच्यासमोर होते. लँचेस्टर यांनी १९१० च्या सुमारास क्रँकच्या टोकाला लावायच्या डॅम्परचे पेटंट घेतले.

या गाडीतील २,४९८ सीसीच्या इंजिनाचा स्ट्रोक ९५ मिलिमीटर आहे, बोअर ७४.७, आणि सहा सिलेंडरना मेन बेअरिंग चारच आहेत. लांब स्ट्रोक आणि कमी आधार यांमुळे या क्रँकला डॅम्परची गरज इतरांहून अधिक आहे. डॅम्परचे कडे रबरावर तरंगत क्रँकच्या पिळाच्या विरुद्ध ओढ देते आणि ती ऊर्जा रबरात उष्णता होऊन विरते. त्यासाठी कड्याचे वजन आणि रबराची लवचीकता यांचा मेळ जुळवलेला असतो. रबर वयाने कडक होऊन त्याचा ताठपणा दुप्पट झाला, तर डॅम्परची स्वतःची गती सुमारे ४१ टक्क्यांनी वर सरकते आणि तो ज्या कंपनासाठी बनवला त्यालाच चुकवतो. अर्थात, एकही तडा नसलेली, देखणी, रंगवलेली पुलीसुद्धा निकामी असू शकते. पन्नास वर्षांपूर्वीच्या मूळ रबराकडे पाहताना हे ध्यानात ठेवावे.

पुलीवर केलेली मापे

पंखा काढलेला असताना टायमिंग लाइटच्या उजेडात पुली गोठल्यासारखी दिसते. त्या उजेडात कड्याची धार १,५०० फेऱ्यांवरही डुलताना दिसली. ही पाहणी करताना पुलीच्या फिरण्याच्या रेषेत कोणीही उभे राहू नये, कारण रबर सुटलेले कडे पूर्ण निघून उडाल्याची उदाहरणे घडलेली आहेत आणि त्याच्या वाटेत रेडिएटर, बॉनेट किंवा माणूस यांपैकी काहीही येऊ शकते.

इंजिन बंद करून, प्लग काढून, क्रँक हाताने फिरवत डायल गेजची मापे घेतली. हबचा बाहेरकडचा गोल ०.०४ मिलिमीटरच्या आत खरा फिरत होता, म्हणजे क्रँकचे नाक वाकलेले नव्हते आणि हब सरळ बसला होता. बाहेरच्या कड्यावर मात्र काटा एका फेरीत १.२ मिलिमीटर हलला. म्हणजे कड्याचे केंद्र क्रँकच्या केंद्रापासून ०.६ मिलिमीटर दूर होते. कडे दोन किलोचे धरले तर ३,००० फेऱ्यांवर यातून सुमारे ११८ न्यूटन, म्हणजे बारा किलो वजनाइतका, फिरता ओढा निर्माण होतो आणि ४,५०० वर तो २६६ न्यूटनपर्यंत, सत्तावीस किलो वजनाइतका जातो. फेऱ्या दीडपट झाल्या की बल सव्वादोनपट होते. ४,००० च्या वर सबंध गाडी घुमण्याचे कारण एवढ्या साध्या गणितात बसले.

आरसा आणि बॅटरी घेऊन पुलीची मागची बाजू पाहिली तेव्हा रबर परिघाच्या जवळपास तृतीयांश भागात हबपासून सुटलेले आणि तेलाने चमकणारे आढळले. पुढून ते फक्त थोडे बाहेर फुगलेले दिसत होते. टायमिंग कव्हरच्या पुढच्या ऑइल सीलमधून पाझरणारे तेल पुलीच्या मागे उडत राहिले होते आणि रबराने ते वर्षानुवर्षे शोषले होते. म्हणजे मूळ कारण सील, त्याचा परिणाम रबर आणि त्याचा परिणाम थरथर. ही साखळी लक्षात न घेता केवळ पुली बदलली असती तर नवे रबरही त्याच वाटेने गेले असते.

कीच्या खाचेजवळ तांबूस भुकटी शोधली, कारण हब नाकावर सैल बसून घासला जात असेल तर ती हमखास सापडते. येथे ती नव्हती. पुली वरवर सैल वाटते तेव्हा सैलपणा रबरात आहे की कीमध्ये, हा फरक करणे फार महत्त्वाचे असते; वुड्रफ की सैल असेल तर काम क्रँकच्या नाकापर्यंत जाते आणि तो वेगळाच, मोठा खर्चाचा विषय आहे.

खूण किती सरकली

टायमिंगची खूण बाहेरच्या कड्यावर कोरलेली असते. कडे हबवर फिरले की खूणही त्याच्याबरोबर सरकते, आणि टायमिंग लाइट प्रामाणिकपणे खोटे सांगू लागतो. विसंगतीचा हिशेब येथे लागेल असा अंदाज होता, तरी अंदाजावर थांबायचे नव्हते.

पहिल्या सिलेंडरच्या प्लगच्या जागी पिस्टनला अडवणारा बोल्ट बसवला, क्रँक एका दिशेने हळूच फिरवून पिस्टन टेकला तेथे खूण केली, मग उलट दिशेने फिरवून दुसरी खूण केली. या दोन खुणांच्या बरोबर मध्ये पिस्टनचे सर्वांत वरचे स्थान असते. कडे सैल असल्याने या खुणा हबच्या तोंडावर केल्या आणि टायमिंग कव्हरला बांधलेली तात्पुरती तार दर्शक म्हणून वापरली. स्टार्टरने क्रँक फिरवून ही चाचणी कधीही करू नये. पिस्टनला भोक पडण्यासाठी एक क्षण पुरतो.

कारखान्याची खूण खऱ्या स्थानापासून १३ अंश मागे निघाली. दीडशे मिलिमीटर व्यासाच्या कड्यावर एक अंश म्हणजे सुमारे १.३ मिलिमीटर, तेव्हा हे अंतर सतरा मिलिमीटरच्या आसपास भरते. डोळ्याला सहज दिसेल इतके, पण तुलनेसाठी काही नसल्यास कोणाच्याही नजरेत न येणारे. दिशाही अपेक्षेप्रमाणे होती. बेल्टचा ओढा कड्याला फिरण्याच्या उलट दिशेने खेचत असतो, त्यामुळे रबर सुटल्यावर कडे मागे पडते, खूण दर्शकासमोर उशिरा येते आणि त्या खुणेवर जुळवलेली ठिणगीही तितकीच उशिरा पडते. ट्यूनिंग करणाऱ्याने पुस्तिकेचा आकडा बरोबर लावला होता, पण इंजिन प्रत्यक्षात १३ अंश उशिरा पेटत होते. कमी झालेला ओढा, तापणारे मॅनिफोल्ड आणि वर चढणारा काटा हे सर्व त्यातून आले. त्याआधी कोणीतरी इंजिनाच्या आवाजावरून, कानाने टायमिंग लावले असावे आणि ते योगायोगाने बरोबर असावे. उपकरण आल्यावर गाडी बिघडली, ही गोष्ट कानाने टायमिंग लावणाऱ्यांच्या बाजूचा पुरावा म्हणून कोणी वापरू नये. दोष उपकरणाचा नव्हता.

कोणती पुली बसवायची

पर्याय चार होते. साधी एकसंध लोखंडी किंवा ॲल्युमिनियमची पुली बसवावी असा सल्ला अनेकदा दिला जातो, कारण ती हलकी असते आणि रबर नसल्याने ‘कधीच बिघडत नाही’. या इंजिनासाठी हा सल्ला मी घातक मानतो. तिने दर फेरीची थरथर जाईल आणि मालक समाधानी होईल, पण क्रँकच्या पिळाला आवरणारे काहीच उरणार नाही, आणि पिळाने होणारी हानी सीटवर जाणवत नाही. ती तेलाच्या छिद्रांपाशी आणि क्रँकच्या गोलाव्यांत बारीक तड्यांच्या रूपाने साठत जाते. आधुनिक द्रवाधारित डॅम्पर उत्तम असतात, मात्र त्यासाठी पंख्याच्या जागेत फेरफार करावा लागला असता. नव्या प्रतिकृती डॅम्परबाबत रबराची कठिणता मूळची आहे की नाही, याची खात्री विक्रेत्याच्या शब्दापलीकडे मिळत नव्हती. त्यामुळे जुना हब आणि कडे ठेवून त्यांत ठरावीक कठिणतेचे नवे रबर बसवून घेण्याचा आणि पूर्ण जोड बॅलन्स करून घेण्याचा मार्ग निवडला.

पुली काढण्यासाठी रेडिएटर बाहेर घ्यावा लागला. फ्लायव्हीलच्या दात्यांत अडसर घालून क्रँक अडवला आणि मधला बोल्ट सोडवला. पुलर फक्त हबवर लावायचा असतो. तीन नखांचा पुलर बाहेरच्या कड्याला अडकवून ओढला तर चांगले रबरही फाटते. हाच नियम बसवताना उलट लागू होतो. पुली हातोड्याने ठोकून बसवण्याची सवय फार रुजलेली आहे, पण तो प्रत्येक घाव क्रँकमधून थेट मागच्या थ्रस्ट वॉशरवर जातो.

सील बदलताना हबच्या मानेवर जुन्या सीलच्या ओठाने पाडलेली चर नखाला लागली. अशा चरीवर नवे सील लावणे म्हणजे गळती पुन्हा विकत घेणे होय. मानेवर पातळ पोलादी स्लीव्ह चढवली, तिच्या जाडीला चालेल असे सील निवडले आणि ते कव्हरमध्ये सरळ बसल्याची खात्री केली. वुड्रफ कीही नवी घातली. मधला बोल्ट कारखान्याच्या पुस्तिकेतील टॉर्कवर आवळला. त्यानंतर पुलीच्या मागच्या बाजूला हब, रबर आणि कडे यांवरून जाणारी एक बारीक पांढरी रेषा रंगवली, म्हणजे कडे पुन्हा सरकले तर कोणताही पाना न लावता आरशात दिसेल.

दुरुस्तीनंतरची मापे आणि उरलेला भाग

नव्या रबराच्या पुलीवर बाहेरच्या कड्याचा काटा एका फेरीत ०.१ मिलिमीटरहून कमी हलला. पिस्टन अडवण्याची चाचणी पुन्हा केली. कारखान्याची खूण आता खऱ्या स्थानापासून अर्ध्या अंशाच्या आत होती, आणि मगच टायमिंग लाइट हातात घेतला. टायमिंग पुस्तिकेप्रमाणे लावताच ओढा परतला आणि चढावरचा काटा पूर्वीच्या जागी राहू लागला.

एका वेळी एकच बदल करण्याचा नियम पाळला होता, त्यामुळे माउंटिंगला अजून हात लावला नव्हता. फक्त पुली बदलून २,४०० फेऱ्यांवरची मोजणी केली असता ४० वरचे शिखर पूर्वीच्या साधारण तृतीयांशावर आले. मग पॉलियुरेथेनची माउंटिंग काढून मूळ कठिणतेची रबरी माउंटिंग बसवली, तेव्हा उरलेले शिखर आणखी निम्मे झाले. कडक माउंटिंगने कंपन निर्माण केले नव्हते, पण इंजिनातले सगळे चॅसीपर्यंत बिनतक्रार पोचवले होते. दोन्ही बदल एकदम केले असते तर श्रेय कोणाला किती, हे कधीच कळले नसते.

२,८०० ते ३,३०० या पट्ट्यातील थरथरीचे स्पष्टीकरण मात्र मी खात्रीने देऊ शकत नाही. त्या पट्ट्यात स्टीअरिंग कॉलमची स्वतःची थरथर पुलीच्या वजनाने जागी होत असावी, किंवा पिळाच्या कंपनाचा तो वेग असावा, किंवा दोन्हीही. सीटच्या रुळावर बांधलेला फोन पिळाचे कंपन मोजू शकत नाही. त्यासाठी फ्लायव्हीलच्या दात्यांवरून आणि क्रँकच्या पुढच्या टोकावरून एकाच वेळी वेग मोजणारी व्यवस्था लागते आणि ती येथे वापरलेली नाही. या पट्ट्यात पूर्वी टायमिंग चेनची खरखर ऐकू येत असे आणि नव्या पुलीनंतर ती ऐकू येत नाही, एवढा एकच अप्रत्यक्ष पुरावा पिळाच्या बाजूने आहे. तो नोंदवण्याजोगा आहे, पण निर्णायक नाही. या कारणास्तव मालकाला पुढच्या वेळी इंजिन उघडले जाईल तेव्हा क्रँकची तड्यांसाठी चुंबकीय तपासणी करून घेण्याचे लेखी सुचवले आहे, कारण निकामी डॅम्परसह हे इंजिन किती अंतर चालले याची नोंद कोठेही नाही.

४,२०० च्या वर अजून एक हलकी थरथर शिल्लक आहे आणि तीही दर फेरीला एकदाची आहे. क्लचच्या चाचणीत प्रेशर प्लेटचे कव्हर निर्दोष ठरले नव्हते, आणि क्लच कधी बदलला गेला असल्यास कव्हर फ्लायव्हीलवर मूळ खुणेप्रमाणे बसवले होते की नाही हे बाहेरून सांगता येत नाही. एवढ्यासाठी गिअरबॉक्स उतरवणे मालकाला आणि मलाही अवाजवी वाटले. क्लच प्लेट बदलण्याची वेळ येईल तेव्हा फ्लायव्हील आणि कव्हर एकत्र बॅलन्स करून घ्यायचे, अशी नोंद गाडीच्या वहीत केली असून प्रकरण त्या अटीवर बंद केले आहे.